मनातले मांडे आणि ताटातले थर



'मनातले मांडे' हा वाक्प्रचार आपल्यापैकी प्रत्येकाने वापरलेला असतो. परंतु प्रत्यक्ष मांडा ताटात पडलेल्यांची संख्या आता थोडी असावी. मांडे करणे हे कसबाचे काम. खानदेशात पुरणाचा मांडा हातांवर फिरवीत फिरवीत मोठा करतात आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या खापरावर टाकतात. बेळगावचा मांडा निराळा. तो तलम, पिठीसाखर आणि तुपाच्या सारणाचा असतो, आणि गरम आहे तोवरच त्याची घडी घालावी लागते. थंड झाल्यावर ती घडी कडक होते व तोंडात घालताच विरघळते. घडी उलगडून पाहिली तर आत थरावर थर दिसतात. एवढे कसब व एवढा खर्च सर्वांना परवडत नसे. ज्याला परवडत नसे तो मांडे मनातच खात असे.

थरांच्या पक्वान्नाची आपल्या प्रदेशाला असलेली ओळख फार जुनी आहे. कंधारच्या दक्षिणेस, आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील भोजनाच्या प्रकरणात 'मंडक' म्हणजे आपला मांडा आहे. गहू धुऊन, वाळवून, दळून, चाळून त्याची कणीक तुपात कशी मळावी आणि तापल्या खापरावर मांडा कसा भाजावा, हे राजाने बारकाईने सांगितले आहे. त्या राजाचा ग्रंथ सर्व प्रकारच्या आहाराचा आहे. केवळ शाकाहारी पाकशास्त्राचा ग्रंथ पाहावयाचा असेल तर तो आपल्याच परंपरेत सापडतो. तिसरा मंगरस या कर्नाटकातील जैन ग्रंथकाराने सोळाव्या शतकाच्या आरंभी, १५०८च्या सुमारास, कन्नड भाषेत 'सूपशास्त्र' लिहिले. पोळ्या, भक्ष्ये, पायस, पेये, भाज्या अशी त्याची प्रकरणे आहेत. व्रतनियम पाळणारा समाज चवीविषयी उदासीन असतो, असे ज्यांना वाटते त्यांनी या ग्रंथाचे स्मरण ठेवावे.

हे सर्व आज लिहिण्यास एक निमित्त आहे. गेल्या मार्गशीर्षात आमच्या परिचयातील एका घरी नातवाचा पाचवा वाढदिवस होता. केक शहरातून आणविला होता. ससा मांडी घालून बसला आहे, असा त्याचा आकार. पाहुणे जमता जमता रात्रीचे आठ वाजले. आजींचा चौविहार; त्या बाजूस खुर्चीवर बसून कौतुकाने पाहत होत्या. एका काकांनी 'अंडे नाही ना?' असे हळूच विचारले, तेव्हा 'दुकानदार नाही म्हणाला' एवढेच उत्तर मिळाले. काकांनी बशी खाली ठेवली. बाळ स्वतः तुकडा घेऊन आजींकडे गेला. आजींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरविला आणि म्हणाल्या, "उद्या खाईन रे राजा." त्या उद्याही तो खाणार नाहीत, हे त्या पाच वर्षांच्या मुलाखेरीज घरातील प्रत्येकाला माहीत होते.

दुसऱ्या दिवशी त्या घरच्या सूनबाईंनी मला विचारले, "काकाजी, मग केक नकोच म्हणू का? त्याच्या वर्गातल्या सगळ्या मुलांकडे असतो. आणि आणला तर घरातली निम्मी माणसं उपाशी."

प्रश्न साधा असला तरी लहान नाही. उत्सवाच्या पदार्थाचे पहिले काम तीन पिढ्यांना एका पंगतीत बसविणे हे आहे. जो पदार्थ आजीला आणि नातवाला वेगळे करतो, तो कितीही सुंदर दिसला तरी घरचा उत्सव त्याने साधत नाही. उलट प्रत्येक वेळी 'नको' म्हणत राहिलो, तर मुलांच्या मनात धर्म म्हणजे नकारांची यादी, एवढेच उरते. म्हणून नाकारण्याऐवजी घडवून दाखविणे हा मार्ग अधिक बरा.

नकारातून नवी वस्तू घडल्याचे एक उदाहरण व्यापारी कुटुंबांना विशेष आवडेल. सुरतेत डच लोकांच्या बेकरीचा वारसा फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी गृहस्थांकडे आला. पावासाठी ताडी आणि काही जिनसांत अंडे वापरले जात असल्याने स्थानिक ग्राहक दुकानाची पायरी चढत नसे. तेव्हा ती दोन्ही वगळून, केवळ पीठ, तूप आणि साखर यांवर त्यांनी जिन्नस घडविला आणि त्यातून नानकटाई जन्मास आली, अशी कथा सांगितली जाते. ग्राहकाच्या व्रताने दुकानाचे नुकसान न होता उलट एक नवा माल मिळाला.

आता केकमध्ये अंडे काय काम करते, ते पाहू; कारण काम कळले की पर्याय सापडतो. अंडे पीठ बांधून ठेवते, फेटल्यावर हवा धरून ठेवते आणि ओलावा देते. चार बोटे उंचीचा मऊ केक आपल्याच वजनाने खाली बसू नये, म्हणून त्याला हा आधार लागतो. परंतु केक उंच भाजावयाचाच नसेल तर? अर्ध्या सेंटिमीटरहूनही पातळ असे थर वेगवेगळे भाजले आणि नंतर एकावर एक रचले, तर कोणत्याही थराला उंची पेलावी लागत नाही. बांधण्याचे काम तूप व दूध करतात आणि ओलाव्याचे काम मधले सारण करते. म्हणजे अंड्याची गरज मुळातच उरत नाही. मांडा, चिरोटा, साटोरी करणाऱ्या आपल्या आज्यांना हे ठाऊकच होते.

थरांचे केक जगात अनेक ठिकाणी आहेत. गोव्याच्या बेबिंकाला २०२३मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात नारळाचे दूध, मैदा, साखर व तूप असते. एक थर वरून आंच देऊन भाजल्यावर त्यावर दुसरा ओतावयाचा, असे सात किंवा अधिक थर करतात. मात्र त्यात अंड्याचा बलक असल्याने तो आपल्या कामाचा नाही. हंगेरीतील ज्यू लोकांचा 'फ्लोदनी' हा सफरचंद, अक्रोड, खसखस आणि आलुबुखाराचा मुरंबा यांचा थरांचा केक आहे. मला सर्वांत जवळचा वाटतो तो आइसलँडचा 'विनारतेर्ता'. पातळ बिस्किटासारखे थर, मध्ये सुकविलेल्या आलुबुखाराचे सारण आणि सुगंधाला चक्क वेलदोडा! १८७५मध्ये आइसलँडचे लोक कॅनडातील विनिपेग सरोवराच्या काठी, गिमली येथे जाऊन वसले. मूळ देशात या केकची आवड पुढे ओसरली, पण स्थलांतरितांच्या घरी तो कुळाचाराप्रमाणे टिकला. सारणात काय असावे आणि थर किती असावेत, यावर तेथे आजही गमतीने वाद होतात. मारवाड, गुजरात सोडून निजामाच्या मुलखात दुकाने थाटलेल्या घराण्यांना यात स्वतःचे प्रतिबिंब दिसेल. मूळ गावी जे विसरले गेले ते दूरच्या पेठेत राहिलेल्या माणसाने जपले, असे आपल्याकडेही पुष्कळ वेळा घडले आहे.

या विनारतेर्ताचीच रीत घेऊन, अंडे वगळून आणि आपले नियम सांभाळून थरांचा केक कसा करावा, ते आता सांगतो. प्रथम नियमांचा विचार करू; कारण साहित्याची यादी त्यांतूनच तयार होते.

पहिली गोष्ट अंजिराची. सुक्या मेव्याच्या बहुतेक केकमध्ये अंजीर असते. पण वड, पिंपळ, उंबर यांच्या जातीचे म्हणून ते पंच उदुंबरांत मोडते आणि श्रावकास वर्ज्य आहे. दुसरी मधाची, तो तर वर्ज्यच. तिसरी खसखशीची, बहुबीज म्हणून अनेक घरांत ती चालत नाही, म्हणून मी ती ठेवलेली नाही. आले कंदमूळ असल्याने नको, पण सुंठ चालते. यीस्टची तर येथे गरजच पडत नाही.

चौथी गोष्ट पिठाची. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस मानली जाते. बाजारातील बंद पिशवीतला मैदा या कसोटीस उतरणे अवघड. म्हणून ताजे दळलेले गव्हाचे पीठ वस्त्रगाळ करून घ्यावे. उंच केकला ते जड पडले असते. पातळ थराला मात्र ते छान खुसखुशीत लागते.

पाचवी गोष्ट ऋतूची. अनेक श्वेतांबर घरांत फाल्गुन चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत सुका मेवा बंद असतो. बदामाला आषाढ चौमासीपर्यंत सवलत असते. म्हणजे सुक्या मेव्याचे सारण हे कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या हिवाळ्याचे. फाल्गुनानंतर वाढदिवस येत असेल तर आंबा आहे. तो आर्द्रा नक्षत्र लागेपर्यंत चालतो. आपल्या मराठवाडा केशर आंब्याला भौगोलिक मानांकन आहे. त्याचा रस आटवून केलेले सारण कोणत्याही परदेशी मुरंब्याला मागे सारील. प्रत्येक संप्रदायात आणि घरात या मर्यादांत थोडा फरक असतो. आपल्या घरचा जो नियम असेल तो प्रमाण मानावा. शंका असेल तर विहारात आलेल्या साधू-साध्वीजींना विचारावे.

आता साहित्य. थरांसाठी वस्त्रगाळ कणीक ४०० ग्रॅम, थिजलेले साजूक तूप १५० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, तापवून थंड केलेले दूध १०० ते १२० मिलिलिटर, बेकिंग पावडर एक लहान चमचा, वेलदोड्याची पूड एक लहान चमचा आणि चिमूटभर मीठ. सारणासाठी बी काढलेला खजूर ४०० ग्रॅम, बेदाणे १०० ग्रॅम, बदाम ७५ ग्रॅम, काजू ५० ग्रॅम, अक्रोड ५० ग्रॅम, तूप ३० ग्रॅम, गाळलेले पाणी २०० मिलिलिटर, एका लिंबाचा रस, अर्धा चमचा सुंठ आणि थोडे केशर. बेदाणे सांगली-तासगावकडचे मिळाले तर उत्तम. त्या बाजाराची ख्याती व्यापारी वाचकांना सांगावयास नको.

आधी सारण करावे, कारण ते निवावे लागते. प्रत्येक खजूर उभा चिरून उजेडात पाहावा. वरून निर्दोष दिसणाऱ्या खजुरातही आत जीव असू शकतो. यतना म्हणतात ती हीच. बेदाणेही निवडून, धुऊन, पुसून घ्यावेत. खजूर आणि बेदाणे पाण्यासह जाड बुडाच्या पातेल्यात मंद आंचेवर शिजवावेत. दहा-बारा मिनिटांत खजूर विरघळू लागतो. मग कालथ्याने घोटत राहावे. त्यात तूप, सुंठ आणि दुधाच्या थेंबात भिजविलेले केशर घालावे. सारण पातेल्याची कड सोडू लागले आणि थंड केलेली लहान गोळी बोटांना न चिकटता वळता आली, की खाली उतरवावे. याहून सैल ठेवले तर केक घसरतो. याहून कोरडे केले तर थर मऊ होत नाहीत. उतरविल्यावर लिंबाचा रस घालावा. त्याने खजुराचा अतिगोडपणा तुटतो. शेवटी कोरडे भाजून जाडसर कुटलेले बदाम, काजू, अक्रोड मिसळावेत. मेव्याची बारीक पूड करू नये. दाताखाली तुकडा लागला पाहिजे.

थरांची रीत नानकटाईचीच आहे. परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने एकाच दिशेने फेसावी. सात-आठ मिनिटांत तूप पांढरे शुभ्र आणि हलके होते. ही हवा अंड्याच्या फेसाची जागा घेते, म्हणून येथे घाई नको. मग कणीक, बेकिंग पावडर, वेलदोडा, मीठ एकत्र चाळून घालावे आणि लागेल तसे दूध शिंपडीत गोळा करावा. पोळीच्या कणकेसारखे तिंबू नये. जास्त मळले तर थर चिवट होतात. गोळा पंधरा मिनिटे झाकून ठेवावा. त्याचे सहा समान भाग करावेत. तराजूवर घेतल्यास प्रत्येक भाग सुमारे १३५ ग्रॅम भरतो. तराजू आपल्या घरात असतोच, तो येथे वापरावा. एक भाग कमी-जास्त झाला, तर केक एका बाजूस कलतो.

प्रत्येक भाग बटर पेपरवर लाटावा आणि २० सेंटिमीटर व्यासाची थाळी उपडी ठेवून कडा कापाव्यात. काट्याने ठिकठिकाणी टोचावे, म्हणजे थर फुगत नाही. ओव्हन असेल तर १८० अंशांवर बारा मिनिटे पुरतात. नसेल तर जाड कढईत मिठाचा थर तापवून, त्यावर जाळी व थाळी ठेवून, झाकण घालून मध्यम आंचेवर पंधरा ते अठरा मिनिटे भाजावे. कड गुलाबी झाली की काढावे. गरम असताना थर नाजूक असतो, म्हणून कागदासह उचलावा. निवल्यावर तो कडक होतो. कडा कापून उरलेले तुकडे भाजून मुलांना द्यावेत. त्यांना पुढील चार तास धीर धरावयाचा आहे.

सर्व निवल्यावर रचना करावी. सहा थरांमध्ये पाच वेळा सारण येते; प्रत्येक वेळी सुमारे १६० ग्रॅम. ते ओल्या सुरीने कडेपर्यंत सारखे पसरावे. वर एक ताट उपडे ठेवून त्यावर किलोभर वजन ठेवावे. आइसलँडमध्ये हा केक अनेक दिवस मुरत ठेवतात. आपल्याला ते करता येणार नाही. श्वेतांबर परंपरेत कोरड्या मिठाईची मर्यादा पावसाळ्यात १५, उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात ३० दिवस असली, तरी या सारणात पाण्याचा अंश राहतो. म्हणून हा केक त्याच दिवशी करावा आणि त्याच दिवशी संपवावा. चार ते पाच तासांत खजुराचा ओलावा थरांत उतरतो आणि सुरी सहज जाते. सकाळी आठला हात घातला तर अकरापर्यंत रचना होते आणि चारला केक तयार. मार्गशीर्षात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो. म्हणजे चार वाजता वाढदिवस ठेवला तर चौविहार करणारी आजीही पंगतीत असते. शाळेतून आलेल्या मुलांना तीच वेळ सोयीची, आणि दुकानातील मंडळींना एक तास गल्ल्यावरून उठण्यास तेवढे कारण पुरे आहे.

आंब्याचे सारण करावयाचे असेल तर एक लिटर रस, १५० ग्रॅम साखर घालून, मंद आंचेवर गोळा होईपर्यंत आटवावा आणि त्यात २०० ग्रॅम परतलेला ताजा खवा मिसळावा. खवा कुंथलगिरीच्या बाजूचा मिळाला तर दुधात साखर. कुलभूषण-देशभूषण मुनींच्या निर्वाणाने आणि १९५५मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांच्या सल्लेखनेने पावन झालेल्या त्या क्षेत्राच्या परिसरातील खवाही प्रसिद्ध आहे.

आकाराविषयी दोन शब्द. केक गोल ठेवावा आणि शंकरपाळ्यासारखा तिरपा कापावा. ससा, मांजर, बाहुली असा आकार करू नये. यावर काही तरुण वाचक हसतील, म्हणून कारण देतो. सोमदेवसूरींनी ९५९मध्ये 'यशस्तिलक चंपू' पूर्ण केला. त्यातील राजा यशोधर हिंसा करावयास तयार नसतो. तेव्हा त्याची माता चंद्रमती त्याला पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देण्यास राजी करते. कोंबडा पिठाचा होता, पण कापतानाचा भाव खरा होता. त्या संकल्पामुळे माता आणि पुत्र यांना कित्येक जन्म पशुयोनीत भोगावे लागले. हा ग्रंथ राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळात, त्याच्या मांडलिकाच्या आश्रयाने रचला गेला. त्याच कृष्णराजाच्या बिरुदांत कंधारपुराचा उल्लेख येतो, आणि आमच्या गावचा किल्ला व जगत्तुंग समुद्र हा तलाव त्याच घराण्याची आठवण सांगत उभे आहेत. ज्या भूमीत ही कथा ऐकली गेली, तेथे मुलाच्या हाती सुरी देऊन सशाच्या मानेवर ठेवावयास लावणे मला उचित वाटत नाही.

ज्यांना घरी करणे शक्य नाही त्यांनी विकत घेताना काय पाहावे? बंद पाकिटावरील हिरवा ठिपका हा शाकाहाराची कायदेशीर खूण आहे. आपल्या कायद्यात अंडे मांसाहारात धरलेले असल्याने, अंडे असलेल्या पाकिटावर तपकिरी खूण असते. पूर्वी तिचे वर्तुळ होते, आता त्रिकोण आहे. जिलेटीन प्राणिज असल्याने त्यालाही तीच खूण लागते. परंतु हिरवा ठिपका म्हणजे जैन आहार नव्हे. मध, अंजीर, यीस्ट, कांदा, लसूण हे सर्व हिरव्या ठिपक्याखाली कायदेशीरपणे येऊ शकते. म्हणून ठिपका पाहून थांबू नये, घटकांची यादी वाचावी. सुट्या केकवर तर यादीच नसते. तेथे 'अंडे आहे का?' एवढा एकच प्रश्न पुरत नाही. दोन्ही प्रकारांना तेच भांडे, तीच रवी आणि तीच भट्टी वापरतात का, हेही विचारावे. प्रामाणिक दुकानदाराला या प्रश्नाचा राग येत नाही. आपणही दुकानदार आहोत, चिकित्सक ग्राहक टिकाऊ असतो हे आपण जाणतो.

आणि आता हिशेब. तो नसेल तर हे सदर अपुरे राहील. वरील प्रमाणात सुमारे दीड किलो केक होतो आणि त्याचे तीस-बत्तीस तुकडे पडतात. आमच्या समाजात अनेक भगिनी घरून फराळाचे जिन्नस करून देतात. त्यांच्यासाठी हा नमुना आहे. भाव रोज बदलतात, म्हणून आकडे उदाहरणादाखल घ्यावेत. कच्चा माल ५५० रुपये, इंधन ३० रुपये, डबा ३० रुपये. बहुतेक जणी येथेच बेरीज थांबवितात आणि ६१० रुपयांवर थोडे चढवून माल देतात. चार तासांच्या कामाची मजुरी तासाला ७५ रुपये धरली तर ३०० रुपये होतात, आणि ती वहीत कोठेच नसते. ती धरली तर खर्च ९१० रुपये. त्यावर १५ टक्के नफा धरला तर सुमारे १,०५० रुपये, म्हणजे किलोला ७०० रुपये. बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासताना मी हेच पाहत असे. घरच्या बाईची मजुरी शून्य धरून दाखविलेला नफा म्हणजे तिच्याकडून घेतलेले बिनव्याजी कर्ज असते. विक्री करावयाची तर अन्नसुरक्षा खात्याची छोट्या व्यवसायासाठी असलेली नोंदणी करून घ्यावी, आणि डब्यावर घटक, तारीख व 'आजच संपवावा' ही सूचना स्वच्छ अक्षरांत लिहावी. नांदेड, लोहा, मुखेड, अहमदपूर, उदगीर या आपल्या पेठांतून अशा केकला मागणी येणार नाही, असे मला वाटत नाही. कारण सूनबाईंनी विचारलेला प्रश्न घरोघरी आहे.

एक सूचना शेवटची. पहिल्यांदा करताना वाढदिवसाच्या दिवशीच प्रयोग करू नये. एखाद्या रविवारी निम्म्या प्रमाणात, तीनच थरांचा करून पाहावा. घरातील प्रत्येकाला एकेक काम द्यावे. खजूर निवडण्यास आजींची नजर हवी, तूप फेसण्यास तरुण हात हवेत आणि वजन करण्यास दुकानात बसणारा हवा. मुलांना टोचण्याचे काम द्यावे. ते ते आवडीने करतात. आपल्या घरी सारणात काय वेगळे घालता, कोणता नियम पाळता, थर मऊ होण्यास किती वेळ लागला, हे या सदराच्या पत्त्यावर अवश्य कळवावे. निवडक सूचना पुढे कधीतरी याच पानावर देईन.

पुढील अंकी लग्नसराईच्या खर्चाचे अंदाजपत्रक कसे मांडावे, याविषयी लिहीन. तोवर जय जिनेंद्र!